हणमंतरावांना पाडायला निघालेली बस

आमच्या करडमाळला आजवर कोणी निवडून आलेलं नाही. म्हणजे खुर्चीवर माणसं बसतात, त्यांच्या गळ्यात हार पडतात, गुलालानं गल्ल्या लाल होतात, सगळं होतं. पण ती माणसं निवडून आलेली नसतात, त्यांच्या समोरचा पडलेला असतो. करडमाळचा मतदार कोणाला मत देत नाही, कोणाच्या तरी विरोधात देतो. मागे एकदा शहरातून कोणी अभ्यासू मंडळी गावाचा राजकीय कल तपासायला आली होती. बसस्टँडवरच्या पानवाल्याला त्यांनी विचारलं, "काका, कल कुणाकडे?" तो म्हणाला, "कल न्हाई बगा साहेब आमच्यात. राग कुणावर हाय ते इचारा, घरागणिक सांगतो."

आणि त्यानं खरोखर सांगितलं असतं. कोणाचा राग बांधावरून, कोणाचा लग्नातल्या मानापानावरून, कोणाचा तर आजोबांच्या वेळचा. त्याचं कारण घरात कोणालाच आठवत नाही, पण राग नेमानं जपलेला. मंडळींचे तक्ते भरले नसतील, पण करडमाळचं राजकारण तेवढंच आहे.

त्यातला सगळ्यात मोठा राग मात्र करडमाळला राहत नाही. तो हैदराबादेत अंबरपेठेला, दुसऱ्या मजल्यावर राहतो. त्याचं नाव देवराव.

देवराव सिटी बसचे निवृत्त कंडक्टर. निवृत्त झाले ते फक्त महामंडळातून. घरात पाहुणे आले की अजून म्हणतात, "जरा आत सरका, दारात गर्दी नको." बायकोला, रेणुकाकाकूंना, हाक मारायची तर भिंतीवर दोनदा टकटक करतात. त्यांचा आवाज असा, की खाली भाजीवाल्याशी बोलले तर तिसऱ्या मजल्यावरचे लोक कोथिंबीर घ्यायची की नाही ते ठरवतात. मराठीत सुरू झालेलं वाक्य ते दखनीत वळवून तेलुगूत थांबवतात, आणि तिन्ही भाषांत त्यांचा विषय एकच असतो: हणमंतराव.

अंबरपेठेत देवरावांना सगळे विचारांचा पक्का माणूस म्हणून ओळखतात. घरात बाबासाहेबांचा मोठा फोटो, बुद्धाची मूर्ती, धम्मचक्र दिनाला पांढऱ्या कपड्यांतली मिरवणूक, सगळ्यात पुढे देवराव. पण करडमाळची वेस लागली की त्यांचे सगळे विचार गोळा होऊन एक होतो. हणमंतराव ज्या पक्षातून उभे राहतात, त्याच्या समोरच्या पक्षाला देवराव मत देतात. आता हणमंतरावांनी पक्ष बदलले फार. त्यामुळे देवरावांनाही बदलावे लागले. एका निवडणुकीत तर हणमंतरावांनी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी पक्ष बदलला, आणि सकाळी ज्यांना शिव्या दिल्या त्यांचा प्रचार देवरावांनी संध्याकाळी सुरू केला. देशातल्या सगळ्या पक्षांना मत देऊन झालेला असा निष्ठावान मतदार दुसरा मिळणार नाही.

एवढ्यासाठी त्यांनी मत अजून करडमाळलाच ठेवलंय. रेणुकाकाकू म्हणतात, "आपल्या दारात गटार तुंबतंय, अन् ह्यांच्या हातात त्या नगरसेवकाला द्यायला मतच न्हाई. तो कशाला येतोय आमच्याकडं?" देवराव शांतपणे म्हणतात, "गटाराशी आपलं वैर नाही."

वैर कशाचं, तेही सांगितलं पाहिजे.

करडमाळ तेव्हा साधी ग्रामपंचायत होती. आरक्षणाची चिठ्ठी निघाली आणि सरपंचपद आमच्या बुद्धवाड्यातल्या बाईकडे आलं. हणमंतराव उपसरपंच. गाव त्यांच्या मुठीत. त्यांनी सगळा वाडा न्याहाळला आणि देवरावांची आई कोंडाबाई, जिला आम्ही कोंडाआजी म्हणतो, तिला उभी केली. ती बोलत नाही, असं त्यांचं मत होतं. त्यांच्यासमोर ती बोलत नसे, म्हणून त्यांना तसं वाटायचं.

पाच वर्षं तिनं एक वाक्य ऐकलं: "बाईंचं म्हणणं असं आहे, की..." ते म्हणणं हणमंतराव सांगायचे. एका ग्रामसभेत आमच्या वाड्याच्या नळाचा प्रश्न निघाला. कोंडाआजी उभी राहिली. पदर सावरून तिनं तोंड उघडलं, तोच हणमंतराव म्हणाले, "बाईंचं म्हणणं असं आहे, की हा विषय पुढच्या सभेत घ्यावा. बाई, तुम्ही जरा चहाचं बघा."

गावची सरपंच चहाचं बघायला निघाली. दारापर्यंत गेली, तेव्हा मागून पुन्हा आवाज आला. "नुसतं बघा हां. हात लावू नका."

सभा हसली.

देवराव खिडकीबाहेर उभे होते. आईला खुर्चीत बसलेली बघायची म्हणून रजा काढून हैदराबादहून आले होते.  

तेव्हापासून दर निवडणुकीला देवराव बस काढतात. अंबरपेठ, बरकतपुरा, कुकटपल्ली, जिथे जिथे करडमाळची मतं पोटापाण्याला येऊन राहिलीत तिथून ती गोळा करायची आणि हणमंतरावांच्या विरोधात टाकून परत आणायची. मीही कुकटपल्लीहून जातो. आणि दर खेपेला हणमंतराव निवडून येतात. बस रिकाम्या हातानं परत येते आणि देवराव पुढची पाच वर्षं तापत बसतात.

त्यांचा जोडीदार म्हणजे बरकतपुऱ्यात स्टीलच्या भांड्यांचं दुकान असलेले हिम्मतराव. हे हणमंतरावांच्या भावकीतलेच, चुलतभाऊ. त्यांचं दुःखही थोडं नाही. हणमंतरावांच्या मुलाच्या लग्नात सगळ्या भावकीला गुलाबी फेटे बांधले आणि नेमके हिम्मतरावांपाशी येऊन फेटे संपले. लग्नाच्या फोटोत गुलाबी रांगेच्या टोकाला एक टक्कल चमकतंय, ते त्यांचं. "फेटे संपले म्हणे!" ते आजही म्हणतात. "बँडवाल्याला होता, घोडीवाल्याला होता. अहो, घोडीच्या डोक्यालासुद्धा गुलाबी फडकं होतं!" एकाच्या आईचा अपमान आणि एकाच्या टकलाचा, पण बसमध्ये दोघं शेजारी बसतात.

या वेळी मात्र जरा वेगळं झालं. करडमाळ आता नगरपंचायत, आणि नगराध्यक्षपद महिलेला सुटलं. हणमंतरावांनी सून उभी केली. तिचं नाव त्रिवेणी. शिकलेली पोरगी, पण लग्नानंतर गावानं तिचा आवाज ऐकलेला नव्हता. समोर जनावरांच्या औषधांचं दुकान चालवणाऱ्या विजयची बायको.

"ती बाई कशी आहे?" मी देवरावांना विचारलं.

"समोरची आहे," देवराव म्हणाले. चौकशी संपली.

त्यांचा संताप या वेळी दुप्पट होता. "पुन्हा तेच करायलाय, बघा. बाई खुर्चीत, हा खुर्चीच्या हातावर. आई ऐंशीच्या पुढं गेली. तिच्या डोळ्यांदेखत ह्याला पाडलं नाही, तर मी इतकी वर्षं तिकिटंच फाडली म्हणायचं."

आणि एका रविवारी सकाळी, मी तिथंच होतो, अंबरपेठेच्या त्या दुसऱ्या मजल्यावर हणमंतराव स्वतः चढून आले. लढत अटीतटीची असणार, नाहीतर ते दोन जिने चढणारे नव्हते. पांढरे कपडे, हातात पेढ्यांचा पुडा, आणि मागे डोक्यावर पदर घेतलेली त्रिवेणी.

"काय कोंडामावशी, वळखलंस का?"

एरवी जी कोंडे असते, ती मतदानाच्या महिन्यात मावशी होते.

"तुमाला कोन इसरंल?" आता लेकाकडंच राहणारी कोंडाआजी म्हणाली आणि हातातला लसूण सोलत राहिली.

रेणुकाकाकूंनी चहा आणला. हणमंतरावांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा प्यायला आणि आणखी मागितला. निवडणुका आल्या की त्यांना आमच्या वाड्यातला चहा फार आवडतो.

"तर आमच्या सूनबाईंचं म्हणणं असं आहे," ते म्हणाले, "की हैदराबादच्या आपल्या लोकांसाठी गावात एक भवन बांधावं."

कोंडाआजीचा लसूण थांबला. तिनं हणमंतरावांकडे पाहिलंच नाही. त्रिवेणीला म्हणाली, "व्हय गं, तुजं असं म्हननं हाय?"

त्रिवेणीनं मान वर केली. तोंड उघडलं.

"हो हो, तेच म्हणणं आहे," हणमंतराव म्हणाले.

देवरावांनी हातातली बशी खाली आपटली. तेवढ्यात हणमंतरावांचा फोन आला आणि ते गॅलरीत गेले. कोंडाआजी उठली, त्रिवेणीच्या दंडाला धरून म्हणाली, "चल, तुला आमची चूल दावते." घरात गॅस येऊन जमाना झाला, पण त्या दोघी स्वयंपाकघरात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्रिवेणीचे डोळे लाल होते. आत फोडणीचा ठसका असेल, म्हणून आम्ही कोणी विचार केला नाही.

निघताना देवराव दारात उभे राहिले. "हणमंतराव, बस येणार. पण पाडायला येणार."

हणमंतराव हसले. "देवराव, तुमची बस दर खेपेला येती अन् मी दर खेपेला निवडून येतो. माझ्या मिरवणुकीला तेवढीच गर्दी. या, या."

ते जिना उतरले आणि देवरावांनी पेढ्यांचा पुडा गॅलरीतून खाली भिरकावला. तो भाजीवाल्याच्या गाडीवर पडला. भाजीवाल्यानं हात जोडले.

मतदानाच्या दिवशी पहाटे थंडीत अंबरपेठेहून बस निघाली. देवरावांनी शिट्टी गळ्यात अडकवली होती. हैदराबादच्या सिटी बसमध्ये बायका पुढं आणि पुरुष मागं बसतात. जन्मभर "लेडीज आगे, जेंट्स पीछे" ओरडलेल्या देवरावांनी त्या दिवशी उलटं केलं. पुरुषांना पुढं घेतलं, कारण शपथ घ्यायची होती.

ही करडमाळची रीत. मतदानाआधी बेल-भंडारा उचलायचा. ज्यानं उचलला त्याचं मत फिरत नाही, अशी गावाची खात्री. हिम्मतरावांनी पिशवीतून बेलाची पानं आणि हळदीची पुडी काढली.

"हे आम्हाला जमायचं नाही हिम्मतराव," देवराव म्हणाले. "आमच्या बावीस प्रतिज्ञांत बसत नाही."

"मग शपथ कशावर घ्यायची?"

देवरावांनी इकडंतिकडं पाहिलं. त्यांच्या आयुष्यात सगळ्यांत पूज्य म्हणावी अशी एकच वस्तू तिथं होती. "स्टिअरिंगवर."

ड्रायव्हर अब्बासचाचा ओरडले, "ऐ मियां, हात निकालो! गाडी चलाऊं की तुम्हारी पार्टी?"

"दो मिनट, चाचा. तुम भी हात रखो."

"मैं कायकू? मेरा वोट याकुतपुरे में है!"

शेवटी संगारेड्डीच्या अलीकडं गाडी बाजूला घेतली. एकेक पुरुष पुढं आला, स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाला, "त्रिवेणीला पाडीन." मीही म्हणालो. हिम्मतरावांनी प्रत्येकाच्या हाताखाली आपला हात घातला आणि वर बेलाची पानंही ठेवली, म्हणजे दोन्हीकडून पक्कं. चाचांनी हॉर्न वाजवला. देवरावांनी मागच्या बायकांवरून एक नजर फिरवली आणि डबल बेल दिली.

जोगीपेठेला चहासाठी थांबलो. पुरुषांनी टपरीपाशी विजयाचं गणित मांडलं. बायका पलीकडं चिंचेच्या झाडाखाली कोंडाआजीभोवती बसल्या होत्या. देवरावांनी तीनदा शिट्टी वाजवली तरी उठल्या नाहीत. मग हसत हसत आल्या. रेणुकाकाकूंच्या शेजारी हिम्मतरावांच्या सुशीलाबाई बसल्या होत्या. त्या तर करडमाळ येईपर्यंत मधूनच तोंडाला पदर लावत होत्या.

मतदान झालं. बोटांना शाई लावून आम्ही परत आलो. निकालाच्या सकाळी देवरावांकडे गुलाल आणून ठेवलेला होता. मोठ्यानं टीव्ही सुरू. पण करडमाळची बातमी टीव्हीवर कशाला येईल? ती फोनवर आली.

त्रिवेणी निवडून आली होती. थोडक्यात. ज्या फरकानं आली, तेवढ्या बायका आमच्या एका बसमध्येच होत्या. पण हे गणित त्या वेळी कोणाला सुचलं नाही.

"बस फुटली," देवराव म्हणाले. हे त्यांनी अशा आवाजात म्हटलं, की मला खरंच काचा डोळ्यांसमोर आल्या. मग त्यांनी एकेकाला फोन लावून उलटतपासणी सुरू केली. हिम्मतराव तर फोनमधून रडकुंडीला आले. "देवराव, माझा हात सगळ्यात खाली होता! वर बेल होता!"

"मग कोणी दिलं त्याला मत?"

"मी दिलं," कोंडाआजी म्हणाली.

फोन चालूच होता. देवरावांनी मान वळवली. "काय?"

"मी दिलं. रेणुकानं दिलं. सुशीलाबाईनं दिलं. बसमधल्या समद्या बायांनी दिलं. अन् त्याला न्हाई, तिला."

रेणुकाकाकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या नाहीत.

"आई, शपथ घेतली होती आपण!"

"तुमी घेतली. आमाला कुनी इचारलं?"

 तेवढ्यात फोनमधून हिम्मतरावांचा आवाज आला, "सुशीला! ए सुशीला! इकडं ये!" आणि मागोमाग सुशीलाबाईंचा, अगदी स्पष्ट: "दिलं, दिलं! तुमचा फेटा, फेटा ऐकून कान किटले. त्या लग्नात मी सकाळपासून पुऱ्या लाटल्या, अन् तुम्ही रुसून मला पंगतीतून उठवून आणलं. भरल्या ताटावरून! त्याचा राग कुणी धरायचा?"

हिम्मतरावांचा फोन बंद झाला.

देवराव आईसमोर खाली बसले. "आई, ज्यानं तुझं तोंड बंद केलं त्याच्या घरात सत्ता दिलीस?"

"त्याच्या घरातच तर दिली," कोंडाआजी म्हणाली. "तू त्याला गावात पाडायला निघालास. गावात पडला असता तर घरी जाऊन त्या पोरीवर वरडला असता, अन् पुढच्या खेपेला पुन्हा उभा ऱ्हायला असता. मला तो त्याच्या घरात पडलेला पायजे. रोज. जेवायला बसला की पडलेला, उठला की पडलेला."

"अन् ती पोरगी तसं करील कशावरून?"

"तिनं मला त्या दिवशी आत इचारलं, आज्जी, तुमी तवा गप का बसलात? मी म्हनलं, माझ्या मागं कुनी नव्हतं बाई. तुझ्या मागं मी हाय."

देवराव उठून गॅलरीत गेले. पुढचे काही दिवस ते आईशी बोलले नाहीत. आणि गंमत अशी, की ते बोलत नाहीत हे कोंडाआजीच्या लक्षात आलेलं दिसलं नाही. रेणुकाकाकूंच्या मात्र आलं. त्या मला म्हणाल्या, "घर किती शांत झालंय, नव्हं?"

मग नगरपंचायतीची पहिली सभा झाली. तिथं कोणीतरी मोबाइलवर चित्रण केलं आणि दुपारपर्यंत ते करडमाळच्या हैदराबादेतल्या सगळ्या घरांत पोचलं. मी देवरावांकडे धावलो. ते कॉटवर आईच्या शेजारी बसले होते, फोन दोघांच्या मध्ये.

चित्रात टेबलाच्या मधोमध त्रिवेणी. तिच्या शेजारी, सभासद नसताना, खुर्ची टाकून हणमंतराव. कोणीतरी बाजाराच्या जागेचा प्रश्न विचारला. हणमंतराव घसा खाकरून उठले. "नगराध्यक्षांचं म्हणणं असं आहे, की..."

"मामंजी," त्रिवेणी म्हणाली, "मी हितंच आहे."

तिनं समोरचा कागद बाजूला सरकवला.

"माझं म्हणणं मी सांगते. ही सदस्यांची सभा आहे, तुम्ही सदस्य नाही. बाहेर जा. जाताना दार ओढून घ्या, पंखा चालू आहे."

हणमंतरावांनी चारी बाजूंना पाहिलं. ज्यांना त्यांनी तिकिटं दिली होती, ते सगळे समोरच्या कागदात शिरले होते. त्यांनी खांद्यावरची शाल नीट केली. मग काढून हातात घेतली. मग पुन्हा खांद्यावर टाकली. आणि गेले. दार त्यांनी ओढून घेतलं. ते बरोबर लागलं नाही, म्हणून पुन्हा ओढलं.

देवरावांनी ते चित्र पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. दाराच्या आवाजापाशी दर वेळी त्यांची मांडी उडायची. कोंडाआजी एकदा बघून लसणाकडे वळली होती. म्हणाली, "चहाचं सांगायला इसरली पोरगी. आता भेटली की सांगते."

वाटलं, आता देवरावांचा राग संपला. पण असे राग संपत नसतात, त्यांना चव येते. पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी देवरावांचा फोन वाजला. नाव बघून त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं, भिंतीवर दोनदा टकटक करून रेणुकाकाकूंना बोलावलं, आणि स्पीकर लावला.

"देवराव," हणमंतराव म्हणाले. आवाज खोल गेलेला. "घरात कुणी ऐकंना झालंय. बायकोपण तिच्याच बाजूची. मी नगरसेवकांशी बोलायलोय. पोटनिवडणूक लावू. हिला पाडलं पाहिजे. तुमची बस..."

"आवाज येईना," देवराव ओरडले. "परत बोला!"

हणमंतराव परत बोलले.

"पहिलं ऐकू आलं. शेवटचं येईना. काय पाडायचं?"

हणमंतरावांनी तिसऱ्यांदा सांगितलं. तोपर्यंत शेजारच्या भाग्यलक्ष्मीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना मराठी येत नाही, पण देवरावांचा चेहरा बघून त्याही खुर्ची ओढून बसल्या.

"काय म्हनायलाय?" कोंडाआजीनं विचारलं.

"मदत मागायलेत."

"कुनाला?"

"आपल्याला. बोला हणमंतराव, आईला सांगा."

"कोंडामावशी," हणमंतराव म्हणाले, "तू तरी समजावून सांग त्या पोरीला. तुझं ऐकती ती."

कोंडाआजीनं हात पदराला पुसले. फोनपाशी वाकली, पण बोलली देवरावांशी. "मावशी नको म्हनावं. मी गावची सरपंच होते. तशी हाक मार म्हनावं, मग बोलते."

 नेटवर्क चांगलं होतं; त्यांच्याकडचा कोंबडा स्पष्ट ऐकू येत होता. देवरावांनी फोन आईच्या आणखी जवळ सरकवला. रेणुकाकाकूंनी तोंडावर हात ठेवला होता.

"सरपंचबाई," हणमंतराव म्हणाले.

कोंडाआजीनं डोळे मिटले. तोंडात काहीतरी विरघळत असावं तशी थोडा वेळ बसली. मग डोळे उघडून मुलाला म्हणाली, "झालं. बंद कर फोन."